देणं आधीचंच आहे

पाच-सहा माणसं हाताखाली घेऊन धंदा करणारा मालक विम्याचा विषय निघाला की पहिल्यांदा एकच गोष्ट विचारतो: आम्हाला तो सक्तीचा आहे का? हिशेबनीस, विमा एजंट, शेजारच्या गाळ्यातला जुना कारखानदार, सगळ्यांना हाच प्रश्न. आणि त्याचं खरं उत्तर ‘नाही’ असंच आहे. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या साध्या कारखान्याला किंवा दुकानाला कर्मचारी राज्य विमा योजना, म्हणजे ईएसआय, आपोआप लागू होत नाही. विमा कंपनीकडून कामगार भरपाईची पॉलिसी घेतलीच पाहिजे असंही कायदा त्याला सांगत नाही. हे ऐकून मालक निश्चिंत होतो. पण त्या निश्चिंतीला काही आधार नाही. विमा सक्तीचा नसला तरी भरपाई सक्तीची आहे. कामगाराला पहिल्या दिवशी कामावर घेतलं त्या क्षणी ते देणं मालकाच्या नावावर लागलेलं असतं. पॉलिसी काढल्यानं ते निर्माण होत नाही आणि न काढल्यानं टळत नाही. ते एकट्यानं उचलायचं की वाटून घ्यायचं, एवढीच निवड मालकाच्या हाती उरते.

हे देणं आलं कुठून, ते पाहिल्याशिवाय त्याचं वजन लक्षात येत नाही. १९२३ पूर्वी गिरणीत माणूस पट्ट्यात सापडून मेला तर त्याच्या वारसांना १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली दिवाणी न्यायालयात जावं लागे आणि मालकाची चूक सिद्ध करावी लागे. मालकाकडे बचाव तयार असत. चूक जोडीदार कामगाराची होती. धोका ठाऊक असूनही हा कामाला आला. याचा स्वतःचाच निष्काळजीपणा होता. चाळीतली विधवा वकील लावून यातलं काय खोडून काढणार? जर्मनीनं १८८४ मध्ये आणि ब्रिटननं १८९७ मध्ये या प्रश्नाला वेगळी दिशा दिली, आणि आपल्याकडे १९२३ मध्ये कामगार नुकसानभरपाईचा कायदा होऊन १ जुलै १९२४ पासून अमलात आला. मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन करणारे नारायण मल्हार जोशी त्या काळात मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे प्रतिनिधी म्हणून बसत होते.

या कायद्याच्या मुळाशी एक सौदा आहे. कामगारानं मालकाचा दोष सिद्ध करायचा नाही. अपघात कामामुळे आणि काम चालू असताना झाला एवढं दाखवलं की पुरे. त्याच्या बदल्यात त्याला मिळणारी रक्कम ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे, मर्यादित. एका बाजूनं दोष शोधण्याचा हक्क सोडला, दुसऱ्या बाजूनं दोष नाकारण्याचा. म्हणून ‘माझी काय चूक?’ हा मालकाचा प्रश्न माणूस म्हणून कितीही रास्त असला तरी कायद्यानं तो शंभर वर्षांपूर्वी मुद्दाम बाजूला ठेवला आहे. अतिशय काळजी घेणारा मालकही भरपाई देतो. कामगार दारू पिऊन आला होता, सुरक्षेचा नियम त्यानं जाणूनबुजून मोडला, यंत्राचा गार्ड जाणूनबुजून काढला, असे मोजके अपवाद आहेत. पण मृत्यू झाला किंवा माणूस कायमचा पूर्ण निकामी झाला तर हे अपवादही चालत नाहीत. शिवाय गार्ड कोणी काढला, का काढला आणि तो काढल्याशिवाय दिवसाचा आकडा पुरा होत नव्हता हे मालकाला माहीत होतं की नाही, याची उलटतपासणी सुरू झाली की हा बचाव फार काळ टिकत नाही.

‘तो आमच्या हजेरीपटावर नव्हता, रोजंदारीवर होता’ हे उत्तर तर सर्रास ऐकू येतं. नैमित्तिक कामगाराला वगळणारे शब्द २००० सालच्या दुरुस्तीनं कायद्यातून गेले. २००९ च्या दुरुस्तीनं कायद्याच्या नावातला कामगार जाऊन कर्मचारी आला, आणि कारकुनी काम करणाऱ्यांना बाहेर ठेवणारी तरतूदही गेली. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि १९२३ चा कायदा तिच्यात सामावला. पण देण्याचा पाया आणि हिशेबाचं सूत्र तेच राहिलं.

आता हिशेब. मृत्यू झाल्यास महिन्याच्या पगाराच्या ५० टक्के गुणिले वयानुसार ठरलेला गुणक. कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ६० टक्के गुणिले तोच गुणक. पगार कितीही असला तरी हिशेबासाठी धरायची कमाल रक्कम जानेवारी २०२० पासून १५,००० रुपये आहे. गुणक तरुणाला जास्त आणि वय वाढेल तसा कमी, कारण तरुणाची गमावलेली कमाईची वर्षं जास्त. विसाव्या वर्षी तो २२४, तिसाव्या वर्षी २०७.९८, पन्नासाव्या वर्षी १५३.०९. तेव्हा तीस वर्षांचा, पंधरा हजार पगाराचा माणूस गेला तर साडेसात हजार गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये. तोच जिवंत राहून पूर्ण निकामी झाला तर १८,७१,८२० रुपये, कारण त्याला स्वतःलाही जगवायचं आहे. शिवाय उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा.

पण छोट्या कारखान्यात रोजचं भय मृत्यूचं नसतं, बोटांचं असतं. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये गेलं की हे कळतं. पॉवर प्रेसच्या डायमध्ये पत्रा हातानं सरकवायचा, पायानं पॅडल दाबायचं, आणि हे दिवसभर. कायद्याच्या परिशिष्टात शरीराचे भाग टक्क्यांनी मांडलेले आहेत. अंगठा ३० टक्के, तर्जनी १४, मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. एका हाताची चारही बोटं ५०, पूर्ण पंजा ६०. माणसाचा हात असा मांडलेला पहिल्यांदा वाचताना अंगावर काटा येतो. तरी त्या कोष्टकामुळेच घासाघीस थांबते, म्हणून मी त्याच्या बाजूनं आहे. वरच्याच तीस वर्षांच्या माणसाचा अंगठा गेला तर १८,७१,८२० चे ३० टक्के, ५,६१,५४६ रुपये. एका अंगठ्याचे साडेपाच लाख, आणि सहा माणसांच्या गाळ्याच्या चालू खात्यात इतकी शिल्लक क्वचितच असते.

हे टक्केही शेवटचे नाहीत. ओडिशातल्या जेयपूरमध्ये एका सिनेमागृहाच्या सजावटीचं काम करताना १९६८ मध्ये एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपरापासून कापावा लागला. कोष्टकाप्रमाणे ते आंशिक अपंगत्व ठरलं असतं. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर १९७५ मध्ये सांगितलं की एका हातानं सुतारकाम होत नाही, म्हणून सुतार म्हणून तो पूर्ण निकामी आहे. त्याच निकालानं दुसरी गोष्ट पक्की केली आणि ती छोट्या मालकासाठी जास्त महत्त्वाची आहे: भरपाई देय होते ती अपघाताच्या दिवशीच, कोणी हुकूम दिल्यावर नव्हे.

या दुसऱ्या गोष्टीपाशी मला थांबायचं आहे, कारण चांगली माणसं इथे अडकतात. अपघात होतो. मालक धावपळ करतो, स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेतो, बिल भरतो. कामगार गेला तर तेराव्यापर्यंतचा खर्च करतो, घरच्यांच्या हातात लाख-दोन लाख ठेवतो. मग कोणीतरी सुचवतं की लिहून घ्या. स्टॅम्पपेपरवर ‘आमची काही तक्रार नाही, यापुढे काही मागणार नाही’ असं लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या होतात, आणि मालकाला वाटतं विषय मिटला. कायद्याच्या लेखी काहीच मिटलेलं नसतं. कामगारानं आपला हक्क सोडल्याचा असा करार रद्दबातल समजला जातो. मृत्यूच्या बाबतीत तर रक्कम भरपाई आयुक्तांकडे, नव्या संहितेच्या भाषेत सक्षम प्राधिकाऱ्याकडे, जमा करावी लागते. थेट कुटुंबाच्या हातात दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत. तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल देता येते आणि तेवढीच वळती होते. ही तरतूद कडक वाटते, पण तिच्यामागे कारण आहे. दुःखाच्या त्या आठवड्यात विधवेच्या नावानं आलेले पैसे दीर, सासरा, सावकार यांच्यापैकी कोणाच्या हाती जातील याचा भरवसा नसतो.

मधल्या काळात घड्याळ चालूच असतं. देय झाल्यापासून महिन्याच्या आत पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज. उशिराला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. पंधरा लाख साठ हजारांवर १२ टक्के म्हणजे वर्षाला एक लाख सत्त्याऐंशी हजार, आणि दंड पुरा बसला तर पावणेआठ लाखांहून जास्त. खटला पाच वर्षं चालला तर काय होईल, याचा हिशेब कुणीही कागदावर मांडून पाहावा. ज्यानं माणुसकीनं दोन लाख दिले त्याला कायदा ठाऊक नसल्यामुळे पंधरा लाख द्यावे लागतात, वर व्याज. कामगाराच्या घरच्यांना ते पैसे वर्षानुवर्षं उशिरा मिळतात. दोघांचंही नुकसान.

ईएसआयच्या बाहेरच्या माणसांसाठी पाचशे कामगारांच्या कारखान्यावरही कायद्याचं देणं तेच असतं. मग मी छोट्या मालकाबद्दलच का बोलतो? मोठ्या कारखान्यात वर्षाला दोन-चार अपघात धरलेलेच असतात आणि ते पगाराच्या एकूण रकमेत विरून जातात. सहा माणसांच्या शेडमध्ये पंधरा वर्षं काहीच होत नाही, आणि सोळाव्या वर्षी एका दुपारी जे होतं ते पंधरा वर्षांच्या बचतीपेक्षा मोठं असतं. मोठ्याला अपघात हा खर्च असतो, छोट्याला तो दिवाळं असतो. आणि मालकाचं दिवाळं निघालं की कामगाराच्या हातात निकालाचा कागद राहतो, पैसे नाहीत.

आपल्या व्यवस्थेची उलटी गोष्ट ही की वाटून घेण्याची सरकारी सोय मोठ्यांना आपोआप मिळते आणि धाकट्यांना नाही. ईएसआयचा पाया घालणारा अहवाल १९४४ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांनी दिला. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. १९४८ मध्ये कायदा झाला. आज दहा किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेत २१,००० पर्यंत पगार असणाऱ्यांसाठी मालक ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो. जुलै २०१९ पूर्वी हीच बेरीज साडेसहा टक्के होती. कामावर अपघात झाला तर महामंडळ पैसे देतं, आणि त्या अपघातासाठी कामगार मालकाकडे वेगळी भरपाई मागू शकत नाही. पहिल्याच दिवशी बोट गेलं तरी लाभ मिळतो, किती महिने वर्गणी भरली हे पाहिलं जात नाही. मृत्यू झाला तर पगाराच्या ९० टक्क्यांच्या हिशेबानं अवलंबितांना दरमहा रक्कम मिळते, आणि एकरकमी लाखांपेक्षा ही दरमहाची रक्कम कुटुंबाला जास्त सांभाळते असं माझं मत आहे.

नऊ माणसांच्या मालकाला मात्र हे छत्र स्वतः मागून घ्यावं लागतं. नव्या संहितेत बहुसंख्य कर्मचारी तयार असतील तर दहापेक्षा कमी माणसांच्या आस्थापनेलाही स्वेच्छेनं ईएसआयमध्ये जाता येतं, आणि केंद्र सरकारनं धोकादायक म्हणून जाहीर केलेल्या कामात एकच माणूस असला तरी योजना लागू करता येते. ही वाट फार कमी मालकांना माहीत आहे. पंधरा हजारांचे सहा कामगार, वर्षाचा पगार १०,८०,०००. मालकाचा वाटा ३.२५ टक्क्यांनी ३५,१००. यात अपघातच नाही तर आजारपण, बाळंतपण आणि कुटुंबाचे उपचारही आले. पण दवाखाना जवळ नसेल, मिस्त्रीचा पगार २१,००० च्या वर असेल, तर ही योजना पुरत नाही. तिथे विमा कंपनीची पॉलिसी येते.

तिचा हप्ता दोन गोष्टींवर ठरतो: वर्षाचा एकूण पगार आणि कामाचा धोका. बेकरी, छापखाना, फॅब्रिकेशन, उंचीवरचं बांधकाम, प्रत्येकाचा दर वेगळा आणि कंपनीगणिक वेगळा. तो हजारी सांगतात, म्हणजे हजार रुपये पगारामागे इतके. समजा हजारी दहा दर मिळाला तर वरच्या सहा माणसांसाठी वर्षाला १०,८०० रुपये अधिक कर. दर दुप्पट धरला तरी ती एका अंगठ्याच्या पंचविसाव्या हिश्शाइतकीच रक्कम होते.

पण हप्ता भरला म्हणजे झालं, असंही नाही. पगार पंधरा हजार आणि प्रस्तावात दाखवलेला नऊ हजार, असं हप्ता वाचवण्यासाठी केलं तर कंपनी तिच्या वाट्याचंच देईल, उरलेलं मालकाच्या अंगावर. हेल्पर म्हणून नोंदवलेला माणूस प्रेसवर बसला असेल तर तिथेही वाद. उपचाराचा खर्च आणि ठेकेदाराची माणसं बहुधा जादा हप्ता भरून वेगळी घ्यावी लागतात. दंड कंपनी देत नाही. व्याजाचं तर पॉलिसीत काय लिहिलंय ते वाचून घ्यावं: करारानं व्याज वगळण्याची मुभा विमा कंपनीला आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये सांगितलं आहे. आणि गट अपघात विमा ही वेगळी वस्तू. त्याचे पैसे कामगाराला मिळतात ते चांगलंच आहे, पण कायद्यानं मालकावर असलेलं देणं त्यातून आपोआप फिटत नाही. एजंटनं स्वस्त म्हणून तो दिला आणि मालकानं कामगार भरपाईची पॉलिसी समजून घेतला, असा घोटाळा वारंवार होतो.

ठेकेदाराचं प्रकरण स्वतंत्र सांगायला हवं. आपल्या धंद्याचा भाग असलेलं काम ठेकेदाराला दिलं आणि आपल्या जागेत किंवा आपल्या ताब्यातल्या जागेत त्याचा माणूस जखमी झाला, तर कामगार थेट मूळ मालकाकडे भरपाई मागू शकतो. मालकानं आधी द्यायचं आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायचं. ठेकेदार सापडला तर.

देण्याची हद्द शेडच्या दारापाशीही संपत नाही. मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार एप्रिल २००३ मध्ये पहाटेच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला आणि कारखाना पाचेक किलोमीटरवर असताना अपघातात गेला. आयुक्तांनी भरपाई दिली, उच्च न्यायालयानं ती काढून घेतली, आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती परत दिली: घर ते कामाची जागा या प्रवासाचा वेळ, ठिकाण आणि कारण कामाशी जोडलेलं असेल तर तो अपघात कामातलाच. नव्या संहितेतही हे आता लिहिलेलं आहे. रात्रपाळीला माणूस बोलावणाऱ्या प्रत्येक मालकाला हे माहीत असायला हवं.

वाटून घेण्याची दुसरी एक वाट महाराष्ट्रानं स्वतः काढली होती. १९६९ च्या माथाडी कायद्यानं मार्केट यार्डातल्या हमालाचा मालक कोण हा गुंता मंडळाच्या मध्यस्थीनं सोडवला. व्यापारी मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही मंडळाकडे भरतो, आणि हमालाच्या हक्कांचा सांभाळ मंडळ करतं. अनेक छोटे मालक मिळून एका मोठ्या मालकाइतके भक्कम होऊ शकतात हे इथे दिसलं. पत्र्याच्या शेडांसाठी तसं काही झालं नाही.

म्हणून माझं मत असं आहे की दहाच्या आतल्या मालकांना हा विमा सक्तीचा करावा. रस्त्यावर स्कूटर काढायची तर अनोळखी माणसाला लागेल म्हणून त्रयस्थ पक्षाचा विमा आपण बिनतक्रार भरतो, त्याशिवाय गाडी चालवणं गुन्हा आहे. मालाच्या टेम्पोच्या पॉलिसीत पगारी ड्रायव्हरची जबाबदारीही थोड्या जादा हप्त्यात घालून मिळते. शेडमध्ये प्रेसवर बसणाऱ्या, रोज डोळ्यांसमोर असणाऱ्या माणसासाठी मात्र काहीच बंधन नाही. सक्ती झाली की सगळे भरतील, दर उतरतील, आणि जो भरतो त्याचा माल न भरणाऱ्यापेक्षा महाग पडतो हा आजचा अन्यायही जाईल.

यावर येणारा आक्षेप खरा आहे: जॉबवर्कच्या दरात मुळातच काही उरत नाही, आणखी खर्च कुठून आणायचा? पण खर्च किती तो मोजू. हजारी दहा दरानं एका कामगारामागे महिन्याला दीडशे रुपये. तो दिवसाला दोन हजार नग काढतो असं धरलं तर पंचवीस दिवसांत पन्नास हजार नग, म्हणजे नगामागे पैशाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. कोटेशनमध्ये पत्रा, वीज, डायची झीज, भंगार, वाहतूक सगळं धरलेलं असतं. ही ओळ कोणी घालत नाही आणि माल घेणारी कंपनीही विचारत नाही. वास्तविक त्याच कंपनीच्या आवारात काम करायला माणसं पाठवायची असतील तर गेटपाससाठी ईएसआयचं चलन किंवा कामगार भरपाईच्या पॉलिसीची प्रत मागितली जाते, त्याशिवाय सुरक्षारक्षक आत सोडत नाही. पुरवठादाराच्या शेडमध्ये बनलेल्या मालाच्या ऑर्डरबरोबर तीच प्रत मागायला खरेदी विभागाला कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागणार नाही.